सोडतीत लागलेलं घर

१७ जानेवारी १९९५. पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी जपानमधल्या कोबे शहराखालची जमीन हलली. तीव्रता ७.३. या भूकंपात ६,४३४ माणसं गेली. पुढच्या पाच वर्षांत ढिगारे उपसले गेले, रेल्वे सुरू झाली, पूल पुन्हा उभे राहिले. याच पाच वर्षांत, भूकंपातून वाचलेली २३३ माणसं सरकारने दिलेल्या तात्पुरत्या घरांमध्ये एकटी असताना मरण पावली. मरताना जवळ कुणी नव्हतं, आणि ती गेल्याचं इतरांना नंतर कळलं. कधी दुसऱ्या दिवशी, कधी कित्येक आठवड्यांनी.

जपानी भाषेत अशा मृत्यूला ‘कोदोकुशी’ म्हणतात. ‘कोदोकु’ म्हणजे एकाकीपण, ‘शी’ म्हणजे मृत्यू. शब्द आधीही होता, पण तो जपानच्या घराघरांत पोचला तो कोबेच्या या वसाहतींमुळे.

इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. हे सगळे मृत्यू आत्महत्या नव्हते. बहुतेकांच्या मृत्यूचं वैद्यकीय कारण आजारच होतं: हृदयविकार, यकृताचे विकार, मेंदूतला रक्तस्राव. पण त्या कारणापर्यंत माणूस कसा पोचला, हे पाहिलं की वाट ओळखीची वाटते. औषधं घेणं थांबलं, दवाखान्यात जाणं थांबलं, जेवण कमी झालं, दारू वाढली, अंथरूण दिवसभर तसंच पडून राहिलं. उतारवयातलं नैराश्य असंच दिसतं. ते क्वचितच रडतं. बहुतेक वेळा ते नुसतं थांबतं.

हे प्रकरण मांडायला घेतलं, कारण यात खलनायक नाही. एकट्या वृद्धांकडे कुणी दुर्लक्ष केलं नव्हतं. उलट त्यांनाच घर आधी मिळावं अशी व्यवस्था केली होती. आणि नेमक्या त्याच व्यवस्थेने त्यांना आणखी एकटं पाडलं.

भूकंपाआधीचा शेजार

कोबे हे डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात वसलेलं शहर. त्यातला नागाता हा भाग कामगारांचा. कृत्रिम चामड्याचे बूट बनवणारे छोटे कारखाने, त्यांच्या आजूबाजूला लाकडी बैठी घरं, एकाला एक लागून, मध्ये जेमतेम दोन माणसं जातील एवढ्या गल्ल्या. बुटांचे वरचे भाग शिवण्याचं काम घरोघरी चालायचं. त्यामुळे सत्तरी ओलांडलेल्या माणसालाही हाताला काही ना काही काम असायचं. बऱ्याच घरांत न्हाणीघर नव्हतं, म्हणून संध्याकाळी सार्वजनिक स्नानगृहात जाणं ओघानेच आलं. तिथे रोज तीच माणसं भेटायची. एखादी बाई दोन दिवस दिसली नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी दार ठोठवायचं.

अशा घरांत एकटे राहणारे वृद्ध खूप होते, पण एकटं राहणं आणि एकाकी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक कागदावर दिसत नाही. जनगणनेच्या नोंदीत दोघांपुढेही ‘एक व्यक्ती’ असंच लिहिलेलं असतं.

भूकंपात पहिल्यांदा पडली ती हीच घरं. लाकडी सांगाडा जुना, वर कौलांचं जड छप्पर. शिवाय नागातात आगी लागल्या. मृतांमधले निम्म्याहून अधिक लोक साठीच्या पुढचे होते, त्याचं कारण त्यांचं मंद चालणं एवढंच नव्हतं. स्वस्त भाड्याच्या जुन्या घरांत राहणारी माणसंच प्रामुख्याने म्हातारी होती.

यादी, प्राधान्य, सोडत

भूकंपानंतरच्या दिवसांत तीन लाखांहून अधिक लोक शाळांच्या सभागृहांत, व्यायामशाळांत आणि सरकारी इमारतींत झोपत होते. जानेवारीची थंडी. पुठ्ठ्यांचे आडोसे. वृद्धांना न्यूमोनिया होऊ लागला. घरं लवकर हवी होती आणि ती पहिल्यांदा सगळ्यात अशक्त माणसांना हवी होती. यात चूक काय?

कोबे ज्यात येतं त्या ह्योगो प्रांतात ४८,३०० तात्पुरती घरं बांधली गेली. पण जागा कुठली? मध्यवर्ती शहर ढिगाऱ्याखाली होतं. मोकळी जमीन होती ती बंदरात भराव टाकून केलेल्या कृत्रिम बेटांवर आणि डोंगरांपलीकडच्या पश्चिम व उत्तर उपनगरांत. घरांसाठी अर्ज मागवले, वृद्ध आणि अपंगांना प्राधान्य दिलं, आणि सोडत काढली. सोडत सगळ्यांना न्याय्य वाटते, कारण तिच्यात वशिला चालत नाही. तिला कुणाचा चेहरा माहीत नसतो. पण म्हणूनच तिला कुणाचा शेजारही माहीत नसतो.

परिणाम असा झाला की शाळेच्या जमिनीवर एकाच गल्लीतले जे लोक शेजारी शेजारी झोपत होते, त्यांच्यातली म्हातारी माणसं एकेक करून वेगवेगळ्या दिशांना गेली. तरुण शेजारी मागे राहिले. लांबच्या वसाहतींमध्ये पहिल्या फेऱ्यांतच वृद्ध, आजारी आणि अपंग माणसं एकत्र आली, आणि एकमेकांना धरून उभं करायला कुणीच धडधाकट नव्हतं. ही गोष्ट मला फार लागते. दुबळ्यांना आधी घर द्यायचं म्हणून केलेल्या यादीने दुबळ्यांचीच वस्ती तयार केली.

एक बाई डोळ्यांसमोर आणू या. ही कुणा खऱ्या व्यक्तीची हकिकत नाही. तिथली परिस्थिती एका माणसावर कशी येत असेल ते समजावं म्हणून उभं केलेलं हे चित्र आहे. वय एक्काहत्तर, नवरा आधीच गेलेला, बूट शिवून थोडी कमाई. भूकंपात घर गेलं, पण ती वाचली. शाळेत ती गल्लीतल्या बायकांसोबत राहिली, भांडी घासली, लहान मुलं सांभाळली. मग सोडतीत तिला घर लागलं. सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. नवी वसाहत जुन्या गल्लीपासून बस आणि रेल्वे बदलत गाठावी लागेल एवढी लांब. घर बरं आहे, स्वतःचं न्हाणीघर आहे, म्हणजे आता सार्वजनिक स्नानगृहात जायची गरज नाही. शिवणकाम देणारा कारखाना जळाला आहे. शेजारच्या घरात एक वयस्क गृहस्थ आहेत, पण त्यांचं नावही तिला माहीत नाही. तिची तब्येत अजून ठीक आहे. फक्त आता तिला कुणाला काही द्यायचं नाही, आणि तिची वाट पाहणारं कुणी नाही.

सहा महिन्यांनी तिला भेटायला आलेला कार्यकर्ता विचारतो, ‘काही अडचण?’ ती म्हणते, ‘काही नाही. माझ्यापेक्षा वाईट अवस्थेत किती लोक आहेत.’ हे उत्तर खरंही आहे आणि त्यामागे दडलेलं दुखणंही खरं आहे. आपला कुणाला त्रास नको, ही भावना त्या पिढीच्या हाडीमासी खिळलेली होती. मदत नाकारणं त्यांना सभ्यता वाटायची.

उतारवयातलं नैराश्य ओळखणं कठीण का

तरुण माणूस ‘मला उदास वाटतं’ असं निदान म्हणू शकतो. म्हातारं माणूस सांगतं, की झोप लागत नाही, भूक नाही, पाठ दुखते, हल्ली विसरायला होतं. डॉक्टर पाठीचं औषध देतात. विसरणं वाढलं तर घरच्यांना स्मृतिभ्रंशाची शंका येते, पण त्यातल्या काहींचं विसरणं नैराश्यामुळे असतं आणि उपचारांनी सुधारतं. मुळात एकटं राहणाऱ्याच्या बाबतीत शंका घ्यायलाही घरात कुणी नसतं.

वृद्धांमधल्या नैराश्याची चाचपणी करण्यासाठी जगभर वापरली जाणारी पंधरा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. उत्तरं फक्त हो किंवा नाही. तिच्यात दुखणं, झोप, भूक यांचे प्रश्न मुद्दाम ठेवलेले नाहीत, कारण या वयात शरीर तसंही कुरकुरतं. विचारलं जातं ते आयुष्य रिकामं वाटतं का, पूर्वीच्या आवडी सुटल्या आहेत का, बाहेर पडण्यापेक्षा घरात बसणं बरं वाटतं का, अशा गोष्टींविषयी. प्रश्नावली उपयोगी आहेच. पण ती घेऊन कुणीतरी दारात यावं लागतं, आणि दार उघडलं जावं लागतं.

आपत्तीनंतर आणखी एक गोष्ट घडते. जपानमधल्या पुनर्वसन-वैद्यकाच्या अभ्यासक यायोई ओकावा यांनी तिच्यावर बराच भर दिला आहे. जुन्या घरात म्हातारं माणूस दिवसभर न कळत हालचाल करत असतं: अंगण झाडणं, परसातल्या भाज्या, बाजार, जिना. छोट्याशा तात्पुरत्या घरात यातलं काहीच उरत नाही. काम नाही म्हणून हालचाल नाही, हालचाल नाही म्हणून पाय कमजोर होतात, पाय कमजोर झाले म्हणून बाहेर जायची भीती, आणि बाहेर जाणं थांबलं की मन आत आत जातं. इथे शरीर आधी की मन आधी हे सांगता येत नाही. आणि उपचारही एकाच बाजूने करून भागत नाही.

पुरुषांचं काय

कोबेच्या एकाकी मृत्यूंची नोंद पाहिल्यावर अनेकांना धक्का बसला, कारण त्यात सर्वांत जास्त प्रमाण पंचाहत्तरीच्या आजींचं नव्हतं. बहुसंख्य पुरुष होते, आणि त्यातले कितीतरी पन्नाशी-साठीतले. म्हणजे ‘वृद्ध’ या प्राधान्य-यादीच्या उंबरठ्यावर किंवा त्याच्या अलीकडचे. नोकरी गेलेली, लग्न मोडलेलं किंवा झालेलंच नाही, मधुमेह वा यकृताचा आजार जुना, उत्पन्न अगदी तोकडं. दिवसभर करायला काही नाही आणि दारू मात्र सहज मिळते.

डॉक्टर इसाओ नुकादा यांनी पश्चिम कोबेतल्या एका मोठ्या तात्पुरत्या वसाहतीतच दवाखाना थाटला आणि तिथे वर्षानुवर्षं काम केलं. त्यांनी वारंवार एक गोष्ट दाखवून दिली: या मृत्यूंच्या मुळाशी गरिबी, जुना आजार आणि माणसं तुटणं या तिन्ही गोष्टी एकत्र आलेल्या असतात, आणि दारू हे त्या सगळ्याचं वरवर दिसणारं टोक. माझ्या मते हे निरीक्षण आजही सर्वांत कमी ऐकलं गेलेलं आहे. बायकांना शेजार जोडता येतो, निदान जोडण्याची सवय असते. आयुष्यभर ज्यांची ओळख कामाच्या जागेपुरती होती, त्या पुरुषांना काम गेल्यावर ‘मी अमुक’ असं सांगायला काही उरत नाही. त्यांच्यासाठी चहाचा कार्यक्रम ठेवला तर ते येत नाहीत. त्यांना काहीतरी दुरुस्त करायला बोलवावं लागतं.

त्याच वसाहतीत हिरोको कुरोदा होत्या. त्या रुग्णालयातल्या वरिष्ठ परिचारिका. भूकंपानंतर नोकरी सोडून त्या हजाराहून अधिक घरांच्या या वसाहतीत आल्या आणि तिथे अहोरात्र लक्ष ठेवण्याची व्यवस्था उभी केली. लक्ष ठेवणं म्हणजे काय, तर फिरत राहणं. रात्री कुठला दिवा लागला नाही, कुठला दिवा पहाटेपर्यंत जळतोय, वाळत घातलेले कपडे किती दिवस तसेच आहेत, टपालपेटी भरून वाहते आहे का. उदासीचा पहिला पुरावा बहुतेक वेळा दाराबाहेर असतो. पुढे आयुष्यभर त्या एका आपत्तीतून दुसऱ्या आपत्तीत जात राहिल्या; २०१४ साली त्यांचं निधन झालं.

सरकारही काही करत नव्हतं असं नाही. पन्नासहून अधिक घरांच्या वसाहतींमध्ये ‘फुरेआइ’ म्हणजे भेटीगाठींची केंद्रं उभारली गेली. जून १९९५ मध्ये मनाच्या काळजीसाठी खास केंद्र सुरू झालं आणि ते पाच वर्षं चाललं. जपानमध्ये मानसोपचाराकडे तोवर संकोचाने पाहिलं जायचं. ‘मनाची काळजी’ हा शब्दप्रयोग सर्वसामान्य बोलण्यात आला तो या काळात. पण ज्याने केंद्रात यायला हवं तो येत नाही, हा अनुभव तिथेही आला.

दुसऱ्यांदा तुटणं

तात्पुरत्या घरांत चार-पाच वर्षं राहून, कुरोदांसारख्या लोकांच्या धडपडीतून, काही वसाहतींत शेजार पुन्हा जमू लागला होता. मग कायमची घरं तयार झाली. उंच इमारती, लिफ्ट, भक्कम पोलादी दारं. वाटप पुन्हा सोडतीने. जानेवारी २००० मध्ये शेवटचं कुटुंब तात्पुरत्या घरातून बाहेर पडलं आणि कागदोपत्री पुनर्वसन पूर्ण झालं.

एकाकी मृत्यू मात्र थांबले नाहीत. या नव्या इमारतींमध्ये २००० नंतरच्या दोन दशकांत त्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली. तात्पुरत्या घराच्या पातळ भिंतीतून शेजाऱ्याचा खोकला तरी ऐकू यायचा, त्याचा राग यायचा आणि तो थांबला की काळजी वाटायची. पोलादी दारामागून काहीच ऐकू येत नाही. सरकारने मदतनीस नेमले. ते ठरावीक दिवशी बेल वाजवतात, ‘बरं आहे ना?’ विचारतात, आतून ‘बरं आहे’ असं उत्तर येतं. या मदतनिसांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे; त्यांच्यामुळे कितीतरी माणसं वाचली असतील. पण पगारावर येणारा माणूस आणि सहज डोकावणारा शेजारी यात फरक आहे. शेजाऱ्याला आपणही काही देऊ शकतो. मदतनिसाकडून फक्त घ्यायचं असतं.

वाड्या न मोडता

कोबेचा धडा पहिल्यांदा ठळकपणे वापरला गेला तो २००४ च्या ऑक्टोबरमध्ये, निइगाता प्रांतातल्या भूकंपानंतर. यामाकोशी हे डोंगरातलं गाव पूर्ण रिकामं करावं लागलं, सुमारे २,२०० लोक. त्यांना नागाओका शहरात हलवलं, पण तात्पुरत्या घरांचं वाटप वाडीनिहाय केलं. पुढे बहुसंख्य लोक परत गावी गेले. गाव लहान होतं आणि जमीन उपलब्ध होती, त्यामुळे हे तुलनेने सोपं होतं, हेही सांगायला हवं.

खरी परीक्षा झाली ११ मार्च २०११ नंतर. ९.० तीव्रतेचा भूकंप, त्सुनामी; ईशान्य किनाऱ्यावरच्या मृतांपैकी निम्म्याहून अधिक लोक ६५ वर्षांवरचे. या किनाऱ्यावर सेंदाइच्या दक्षिणेला इवानुमा नावाचं शहर आहे. त्सुनामीत तिथली जवळजवळ निम्मी जमीन पाण्याखाली गेली आणि सुमारे १८० माणसं मेली.

इवानुमाला एक योगायोग लाभला. आपत्तीच्या सात महिने आधी, ऑगस्ट २०१० मध्ये, वृद्धांच्या आरोग्याच्या एका मोठ्या जपानी अभ्यासासाठी शहरातल्या ६५ वर्षांवरच्या सर्व रहिवाशांना प्रश्नावली पाठवली गेली होती. पाच हजारांहून अधिक लोकांनी ती भरून दिली होती. आपत्तीनंतरच्या अभ्यासांची नेहमीची अडचण अशी की ‘आधी कसे होतात?’ हा प्रश्न नंतर विचारावा लागतो, आणि दुःखातल्या माणसाची आठवण दुःखाच्याच रंगाची असते. इथे आधीचं उत्तर आधीच लिहिलेलं होतं. आपत्तीनंतर सुमारे अडीच वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा विचारलं गेलं.

त्यातून जे पुढे आलं त्यातल्या दोन गोष्टी या प्रकरणासाठी महत्त्वाच्या. पहिली: ज्यांचं घर पूर्ण गेलं त्यांच्यात नैराश्याची लक्षणं अडीच वर्षांनंतरही जास्त होती. जवळची माणसं गमावण्याचा परिणाम तोवर तसा ठळक उरला नव्हता, घर गमावण्याचा मात्र उरला होता. हे ऐकून सुरुवातीला विचित्र वाटतं. मग लक्षात येतं की जे माणूस गेलं त्याच्यासाठी जपानी समाजात विधी आहेत, शोक करायची रीत आहे, लोक सांत्वनाला येतात. घर आणि त्याभोवतीचं सगळं जगणं गेलं तर त्याचं सांत्वन करायची रीत कुठेच नाही. आणि ते नुकसान रोज सकाळी उठल्यावर पुन्हा होतं. ज्यांचे आधीपासूनचे मानसोपचार आपत्तीत खंडित झाले, त्यांच्यातही लक्षणं लक्षणीय वाढली होती. हा मुद्दा मदतकार्यात फार मागे पडतो. रक्तदाबाच्या गोळ्यांची सोय आठवते, मनाच्या गोळ्यांची आठवत नाही.

दुसरी गोष्ट कोबेला थेट उत्तर देणारी. इवानुमात घर गेलेले काही वृद्ध आपापल्या वाडीसोबत, गटाने, तात्पुरत्या वसाहतीत गेले. बाकीचे एकेकटे गेले: कुणी सोडतीत मिळालेल्या घरात, कुणी भाड्याच्या, कुणी स्वतः बांधलेल्या. अभ्यासातल्या ३,४२१ जणांपैकी ५४९ जण एकेकटे हलले होते, १५२ जण गटाने. एकेकटे हललेल्यांचं लोकांत मिसळणं, मंडळांत जाणं, मित्रांना भेटणं आधीपेक्षा कमी झालं होतं. गटाने हललेल्यांचं ते आधीपेक्षा वाढलं होतं. नुसतं टिकलं नव्हतं, वाढलं होतं. घर दोघांचंही गेलं होतं. याच शहरातल्या आणखी एका पाहणीत असंही दिसलं की आपत्तीनंतर गटाने व्यायाम करू लागलेल्या वृद्धांची मनःस्थिती तुलनेने बरी राहिली. हातपाय हलवणं आणि माणसं भेटणं या दोन्ही औषधांची मात्रा एकाच वेळी मिळत असावी.

पुढे किनाऱ्यावरच्या सहा वाड्यांनी मिळून तामाउरा-निशी ही नवी वस्ती केली. कुठली वाडी कुठे बसेल, रस्ते कसे असतील, हे ठरवायला रहिवाशांची समिती होती. बैठकांवर बैठका झाल्या. बैठक हा कंटाळवाणा प्रकार आहे, पण ज्या सत्तरीच्या माणसाचं मत विचारलं जातं त्याच्यासाठी ती बैठक म्हणजे आठवड्यातली एक संध्याकाळ असते, जिच्यासाठी कपडे बदलून बाहेर पडावं लागतं.

दारं कुठे उघडतात

कोबेच्या तात्पुरत्या घरांच्या रांगा सगळ्या एकाच दिशेला तोंड करून होत्या. दार उघडलं की समोर दिसायची पुढच्या रांगेची पाठ. २०११ नंतर कामाइशी शहरात हेइता इथे तोक्यो विद्यापीठातल्या वार्धक्यशास्त्राच्या अभ्यासकांच्या सहभागाने एक वसाहत वेगळ्या पद्धतीने बांधली गेली. दारं समोरासमोर, मधल्या वाटेवर लाकडी फळ्यांचा सपाट ओटा, चाकाची खुर्ची अडखळणार नाही असा, आणि वसाहतीतच मदतकेंद्र. खर्चात फार फरक पडावा असं यात काही नाही. पण दार उघडल्यावर समोरच्याचं दार दिसणं आणि समोर कोरी भिंत दिसणं, या दोन सकाळी वेगळ्या असतात.

इवानुमा ज्यात येतं त्या मियागी प्रांताच्या बोलीत चहापानाला ‘ओचाक्को’ म्हणतात. तात्पुरत्या वसाहतींत असे ओचाक्को भरू लागले. कोबेपासून चालत आलेली आणखी एक पद्धत तिथेही गेली: स्वयंसेवक विद्यार्थी गरम पाण्याच्या टबात वृद्धांचे पाय बुडवून ठेवतात आणि हात चोळून देतात. सल्ला देत नाहीत, प्रश्नावली भरून घेत नाहीत. दहा-पंधरा मिनिटं. हात दुसऱ्याच्या हातात असताना म्हातारी माणसं जे पुटपुटतात ते ऐकून घ्यायचं, आणि नंतर टिपून ठेवायचं. त्या पुटपुटण्यातून कुणाला डॉक्टरकडे न्यायला हवं ते कळायचं.

जे याने सुटत नाही

वाडीसकट हलवलं की सगळं बरं होतं असं नाही. इवानुमातले गटाने गेलेले लोक १५२ होते, एका शहरातले, आणि मुळात एकमेकांशी घट्ट असलेल्या शेतकरी वाड्यांतले. मोठ्या शहरात, जिथे शेजारी आधीच अनोळखी होते, तिथे नेमकं काय जपायचं हा प्रश्न राहतो. घट्ट वाडीत काहींचा जीव गुदमरतोही: सासुरवाशीण सून, उशिरा येऊन राहिलेला माणूस, भांडण असलेली घरं. शिवाय गट जमेपर्यंत थांबायचं तर अशक्त माणसाला थंड सभागृहात आणखी किती दिवस ठेवायचं? कोबेच्या अधिकाऱ्यांपुढे हाच पेच होता आणि त्यांचं उत्तर चुकलं असं आज म्हणणं सोपं आहे.

२०११ मध्ये तर एक नवीनच प्रश्न उभा राहिला. खास बांधलेल्या तात्पुरत्या घरांपेक्षा सरकारने भाड्याने घेऊन दिलेल्या खासगी घरांत जास्त कुटुंबं गेली. घर चांगलं, लवकर मिळालं, पण ते शहरभर विखुरलेलं. वसाहत असती तर निदान स्वयंसेवकांना कुठे जायचं ते कळलं असतं. चौथ्या मजल्यावरच्या सदनिकेत राहणारी एकटी आपत्तिग्रस्त बाई बाहेरून इतर कुठल्याही भाडेकरूसारखीच दिसते.

१ जानेवारी २०२४ रोजी दुपारी नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला, ७.६ तीव्रतेचा. तिथल्या सुझु शहरात निम्मी लोकसंख्या ६५ वर्षांपुढची. रस्ते तुटले, पाणी महिनोन्‌महिने आलं नाही, आणि कित्येक वृद्धांना दूर कानाझावा शहरातल्या हॉटेलांत नेऊन ठेवावं लागलं. तीच चांगली खोली, तेच अनोळखी दार. सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीने नोतोतल्याच वाजिमा शहरात काही तात्पुरत्या घरांतही पाणी शिरलं. पण यावेळी तिथल्या इशिकावा प्रांताने एक वेगळा प्रकारही हाताळला: काही तात्पुरती घरं लाकडी, आणि जुन्या वस्तीच्याच जागेत किंवा तिच्या जवळ बांधली, पुढे तीच सार्वजनिक घरं म्हणून कायम वापरता येतील अशी. ज्या आजीला असं घर मिळालं तिला दोन वर्षांनी पुन्हा सामान बांधायचं नाही, आणि समोर राहणाऱ्या बाईचं नाव तिला आधीपासूनच माहीत आहे.